अर्ध्यावर सोडलेलं डोकं

कचकचे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण वस्तीतल्या निम्म्या लोकांना ते आडनावच वाटायचं. एकदा बँकेतल्या बाईंनी चारचौघांत "मिस्टर कचकचे" असा पुकारा केला, आणि तोही मुकाट्यानं उठून खिडकीपाशी गेला. आता नाही म्हणायचं तरी कुणाकुणाला?

नाव पडलं ते कात्रीवरून. त्याची कात्री केसांत दोनदा चालायची आणि हवेत चारदा. कच कच, कचकचकच. केस संपले, कंगवा दुसरीकडे गेला, तरी कात्री आपली रिकामीच चालू. "हवेत काय कापतोस रे?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की तो म्हणायचा, "तुमचे विचार. फार वाढलेत."

दुकान छोटंसंच. दोन खुर्च्या, त्यांच्यासमोर भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक, आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण तुटलेला रेडिओ. खिडकीजवळची खुर्ची कचकचेची, आतली त्याच्या धाकट्या भावाची. दोघांत बोलणं कमी. आरशातून नुसतं एकमेकांकडे बघितलं तरी कुणाला गरम पाणी हवंय आणि कुणाला पावडर, ते कळायचं.

पडला तो काही पराक्रम करताना नाही. एका गिऱ्हाइकाचं डोकं धुऊन टॉवेल आणायला वळला. फरशीवर कापलेले केस होते, त्यावर पाणी ठिबकलं होतं. ओले केस तेलापेक्षा वाईट. पाय गेला, आणि उजवा हात अंगाखाली आला. "कट्" असा बारीक आवाज झाला. धाकटा मान न वळवता म्हणाला, "दादा, कंगवा तुटला का रे?"

मनगट तुटलं होतं.

प्लास्टर चढलं, दिवस भरले, प्लास्टर उतरलं. आतून जो हात निघाला तो कचकचेला आपला वाटेना. बारका, गुळगुळीत, चकचकीत, कधी लालभडक तर कधी निळसर, आणि बर्फासारखा गार. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली. "वा! सुरेख! हाड असं जुळलंय, की बघत राहावं."

"तुम्ही बघत राहा, डॉक्टर. पण दुखतंय."

"दुखणारच. थोडे दिवस."

ते थोडे दिवस संपेनात. हाड जुळलं आणि दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. बाही घासली की आग. पंखा फिरला की पंख्याचा वारासुद्धा लागायचा. म्हणजे गार लागायचा नाही, मार लागावा तसा लागायचा. हे कुणाला सांगावं तर लोक आधी पंख्याकडे बघायचे आणि मग त्याच्याकडे.

म्हणून त्यानं हात लपवला. ॲप्रनच्या खिशात उजवा हात घालून तो दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, जणू खिशात चिमणीचं पिल्लू आहे. खिडकीजवळच्या खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवला होता. गिऱ्हाइकं बाकावरून सल्ले द्यायची. "शेक दे, शेक. कडक शेक." "छे छे, शेक अजिबात नको. बर्फ!" "माझ्या साडूचं पण असंच होतं, तर त्यानं काय केलं..." साडूनं काय केलं ते सांगेपर्यंत साडूच्या भावाचा मोडलेला संसार यायचा, आणि मनगट तिकडेच राहायचं. सगळ्यांत वाईट एक शब्द होता. "अजून?" पहिले काही महिने लोक तो शब्द आपुलकीनं म्हणायचे, पटकन, भुवया वर करून. मग हळूहळू तो लांबायला लागला. "अजूऽऽन?" असा. कचकचेला कान होते. त्या लांबलेल्या ऊकारात काय काय बसलंय ते त्याला बरोबर ऐकू यायचं.

घरी बायकोनं तर हाताला सुट्टीच देऊन टाकली. शर्टाची बटणं ती लावायची. पाव ती तोडून द्यायची. तो बाटलीचं झाकण फिरवायला गेला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, ठेवा ते! मी आहे ना!" दुकानात धाकटा म्हणायचा, "दादा, तू बस. मी आहे ना." दोघांचं प्रेम खरं होतं. पण त्या "मी आहे ना"खाली हात दिवसेंदिवस आणखी वाळत गेला. प्लास्टर उतरून सहा-सात महिने झाले, आणि जो माणूस डोळे मिटून कानामागची वळणं काढायचा त्याला चहाचा कप उचलायला डावा हात लागत होता.

एकटा शेजारचा घड्याळवाला तेवढा वेगळा. त्यानं सल्ला दिला नाही, "अजून" विचारलं नाही. त्यानं फक्त केस कापणं बंद केलं. धाकट्यानं दोनदा खुर्ची झटकून बोलावलं. तो म्हणाला, "राग मानू नकोस. तुझ्या हाताबद्दल काही नाही. पण माझ्या डोक्याला तुझ्या दादाची सवय आहे." आणि बघता बघता तो घड्याळवाला असा काही वाढला, की डोळ्याला भिंग लावून कामावर वाकला की केस घड्याळात पडायचे. त्याची बायको म्हणायची, "हे दुरुस्त करतात की पेरणी करतात?"

शेवटी डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या तळमजल्यावर पाठवलं. तिथं एका लांबट खोलीत दोऱ्या, रबरी चेंडू, कुठंच न जाणारा एक जिना आणि खणखणीत आवाजाची एक व्यायामाची बाई होती. वयानं त्याच्या पुतणीएवढी. तिनं हात धरला नाही, दाबला नाही; आधी नुसता बघितला.

"काका, हाड जुळलंय हे खरं. आणि दुखतंय हेही खरं."

हे वाक्य ऐकून त्याला एकदम रडूच आलं. त्यानं खोकल्यासारखं करून दाखवलं.

"असं समजा, घरात चोर शिरला होता," ती म्हणाली. "कुत्रा भुंकला. बरोबर केलं. आता चोर कधीच गेला, पण कुत्रा भुंकायचा थांबत नाही. पान हललं तरी भुंकतो. तुमचा हात म्हणजे तो कुत्रा."

"मग त्याला गप्प करायचं औषध द्या."

"औषध डॉक्टर देतायत, ते घ्याच. पण कुत्र्याला पटायला पाहिजे ना, की चोर नाही. ते पटवायचं काम हालचालीचं. रोज त्याच्यासमोरून जायचं. हळू, थोडंसं, ठरलेलं. पळायचं नाही. पळालात की तो मागे लागला."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाली?" तो म्हणाला, "मला कुत्रा चावलाय." पूर्ण ऐकून घेतल्यावर बायको हसली नाही. तिनं फक्त त्या संध्याकाळी बटणांपैकी सगळ्यांत खालचं एक लावायचं ठेवलं आणि पाठ वळवून भांडी घासत राहिली. त्या एका बटणाला त्याला फार वेळ लागला. भांडीही तेवढाच वेळ घासली गेली.

सुरुवात आरशानं झाली. दोन्ही हातांच्या मधे आरसा उभा करायचा, दुखरा हात त्याच्या मागे लपवायचा, बरा हात पुढे हलवायचा आणि आरशात बघत राहायचं; मेंदूला वाटतं की दुखरा हातच बिनबोभाट हलतोय. बऱ्याच जणांना उपयोग होतो म्हणे. कचकचेला झाला नाही. ती विचारायची, "काय दिसतंय?" तो म्हणायचा, "डावा हात." "नाही काका, आरशात बघा. उजवा दिसतोय की नाही?" "आरशातला डावा दिसतोय." अख्खं आयुष्य आरशात बघून उलट्याचं सुलट करण्यात गेलेलं. आरसा त्याला फसवणार कसा? शेवटी ती हसली, "बरं, राहू दे तो आरसा. तुमचा-त्याचा जुना घरोबा दिसतोय," आणि पुढच्या गोष्टीकडे वळली.

पुढची गोष्ट ब्रश. हाताला वेगवेगळ्या स्पर्शांची सवय करायची: कापूस, रुमाल, टॉवेल. त्यानं दाढीचा ब्रश आणला, दुकानातला सगळ्यांत मऊ. हजारो गालांवरून फिरलेला तो ब्रश मनगटावर टेकला तेव्हा खिळ्यांचा पट्टा फिरावा तसं झालं. पण रोज फिरवला. खिळे हळूहळू बोथट होत गेले. आधी काटे, मग खरखरीत गोणपाट, आणि एका दुपारी नुसता ब्रश.

मग हवेतली कात्री. हे मात्र तिला त्यानंच सुचवलं, लाजत लाजत. रिकामी कात्री, केस नाहीत, गिऱ्हाईक नाही. कच. थांब. कच. थांब. तिनं मान डोलावली, पण एक अट घातली: "घड्याळ बघून थांबायचं, दुखणं बघून नाही. चांगला दिवस असला तरी तेवढंच. वाईट दिवस असला तरी तेवढंच."

"चांगल्या दिवशी जास्त का नाही?"

"कारण चांगल्या दिवशीच माणसं पळतात."

घड्याळवाल्यानं दुकानातलं एक गजराचं घड्याळ आणून आरशासमोर ठेवलं. "हे माणसापेक्षा बरं," तो केसांच्या झुपक्यातून म्हणाला, "याला दया येत नाही."

आणि खरंच फरक पडत गेला. हात गारठायचा कमी झाला. बाही खाली ओढता यायला लागली. बटणं वर चढत चढत कॉलरपर्यंत आली. बायको संध्याकाळी विचारायची, "कुत्रा कसाय आज?" तो म्हणायचा, "भुंकला. पण बसून." रिकाम्या कात्रीनंतर विगाचे केस, मग कात्री आणि कंगवा दोन्ही, मग पाव तास, घड्याळ लावून. दुखणं मात्र पुरतं गेलं नव्हतं. ते घरात होतंच. फक्त आता कोपऱ्यात बसायला शिकत होतं.

आणि मग तो चांगला दिवस आला.

धाकटा सामान आणायला गेला होता. पाववाला सायकल लावून आत आला, केस कपाळावर आलेले, घाईत. "कचकचे, मोकळा आहेस का?" वर्षभरात कुणी असं विचारलं नव्हतं. त्यानं खिडकीजवळच्या खुर्चीवरचा टॉवेल काढला, घड्याळ लावलं आणि सुरुवात केली. हात लोण्यासारखा चालला. मानेवर आला तेवढ्यात गजर झाला.

आता अर्धं डोकं. उजवीकडून साहेब, डावीकडून झुडूप. कचकचेनं डाव्या हातानं गजर बंद केला आणि डोकं पुरं केलं.

त्याचं काय चुकलं? त्याच्या धंद्यात कुणालाही विचारा. बापानं त्याला कात्री द्यायच्या आधी हेच शिकवलं होतं: भूकंप झाला तरी चालेल, आधी डोकं पुरं करायचं आणि मग पळायचं. अर्धवट डोक्याचं गिऱ्हाईक रस्त्यावर दिसलं तर ती आपल्या दुकानाची नागडी पाटी, आपली बेअब्रू गावभर फिरवणारी. तर डोकं पुरं झालं. पाववाला खूश झाला. मागून दुसरा बसला, तिसरा बसला. कचकचेच्या अंगात जुनं वारं संचारलं. कात्री हवेत कचकचत होती, रेडिओ ओरडत होता. धाकटा सामान घेऊन दारात आला आणि तिथंच थांबला. त्याच्या हातातल्या पिशवीचा एक बंद सुटला तरी त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजून लाल झाला होता. पुन्हा पंख्याचा वारा लागायला लागला. पुन्हा बायकोनं बटणं लावली, कॉलरपासून खालपर्यंत. हात परत ॲप्रनच्या खिशात गेला. गजराचं घड्याळ त्यानं खणात, टॉवेलांखाली सारलं. तळमजल्यावर जायचंच त्यानं सोडलं असतं, पण बायकोनं चप्पल पायात अडकवली आणि म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर मी जाते. माझा हात दाखवते."

व्यायामाच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. "पळालात," ती म्हणाली. रागावून नाही.

"बाई, तुम्हाला नाही कळायचं. अर्धं डोकं सोडून उठता येत नाही. आमच्यात ते होतच नाही."

"मनगट मोडलं म्हणून दुखतंय, काका. पण परत परत उफाळून येतंय ते या 'होतच नाही'मुळे." ती जरा थांबली. "मग तुमचा पुढचा व्यायाम तोच. अर्धं डोकं सोडायचं."

चेंडू दाबायला सांगितला असता, दोरी ओढायला सांगितली असती, तर त्यानं ओढली असती. हे म्हणजे भर बाजारात सदरा काढ म्हणण्यासारखं होतं.

सूज ओसरली. पुन्हा ब्रश, पुन्हा रिकामी कात्री, पुन्हा घड्याळ. पण हे सगळं घरी, दार लावून. दुकानात त्यानं कुणाच्या केसाला हात लावला नाही. आणि एका दुपारी दुकान रिकामं असताना धाकटा वस्तरा पुसत पुसत आरशाला म्हणाला, "दादा, चौकातल्या दुकानातला कारागीर सुटतोय. हात चांगला आहे त्याचा. त्याला शनिवारी सांगायचंय."

"कुठल्या खुर्चीसाठी?"

धाकट्यानं वस्तरा पुसून झालेला असताना पुन्हा पुसला. "मी एकटा नाही पुरत रे आता. माणसं बाकावरून उठून जातात. तुझी खुर्ची मी वर्षभर धरली. आता तूच सांग. तू येणार असशील तर नाही बोलवत त्याला. पण येणार म्हणजे येणार. दोन दिवस यायचं आणि दोन महिने खिशात हात, हे मला बघवत नाही."

वर्षभरात धाकटा एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलला होता. कचकचे म्हणाला, "शनिवारपर्यंत थांब." आणि शेजारी जाऊन घड्याळवाल्याला म्हणाला, "शनिवारी सकाळी ये. तुझं रान काढतो."

शनिवारी बाक भरलेला होता. घड्याळवाला टॉवेल गुंडाळून खिडकीजवळ बसला तेव्हा बाकावरून कुणीतरी म्हणालं, "कात्री नको, कोयता आण." हशा पिकला. कचकचेनं खण उघडला, टॉवेलांखालून घड्याळ काढलं, किल्ली दिली, ठेवलं. धाकट्यानं आरशातून एकदा बघितलं आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत राहिला.

उजव्या बाजूनं सुरुवात केली. वर्षभराचे केस, कंगवा अडत होता. हात दुखत होता, सुरुवातीपासूनच. पण हे दुखणं आता त्याच्या ओळखीचं झालं होतं. कात्री चालली. कानाचं वळण निघालं तसा घड्याळवाल्याचा एक कान वर्षानं बाहेर आला, पांढराफटक. "ऐकू येतंय का आता?" कचकचेनं विचारलं. "काय?" घड्याळवाला म्हणाला. बाक पुन्हा हसला.

हात चांगला चालला होता. इतका चांगला, की पाववाल्याच्या दिवशी होता तसा. डावी बाजूही निघाली असती. घड्याळवाला बोलला नसता, बाक बोलला नसता, धाकटा तर नाहीच नाही. संध्याकाळी तो कारागिराला "नको" म्हणाला असता, आणि खुर्ची राहिली असती. दुसऱ्या सकाळचं दुसऱ्या सकाळी.

गजर वाजला.

कचकचेनं कात्री हवेत दोनदा चालवली. मग ती बंद करून फळीवर ठेवली. कंगवा तिच्याशेजारी ठेवला.

"धाकट्या, इकडे ये. डावी बाजू तू घे."

बाकावरच्यांच्या माना एकदम वर झाल्या. धाकटा फेसाचा ब्रश हातात धरून उभा. "दादा, तू अर्ध्यावरून उठतोयस?"

"उठलो."

"अरे, पण माझं डोकं..." घड्याळवाला आरशात बघत म्हणाला. आरशात एक अर्धा गृहस्थ आणि एक अर्धा चक्रम बसला होता.

"तुझं डोकं कुठं पळून जात नाहीये. त्याच्याकडून घे कापून. वर्षभर माझ्यासाठी थांबलास, आता थोडा त्याच्यासाठी बस."

घड्याळवाला टॉवेल गळ्याशी घट्ट करत म्हणाला, "ये रे. पण जपून. हे डोकं जरा लाजरं आहे."

कचकचे बाकावर जाऊन बसला. त्याच्या आयुष्यात तो या बाकावर कधी बसलाच नव्हता. पाववाल्यानं सरकून जागा दिली. कुणी "अजून?" म्हणालं नाही. उजवा हात त्यानं मांडीवर उघडा ठेवला. तो ठणकत होता, पंख्याचा वारा त्यावर येत होता, आणि कचकचेचे कान तापले होते. नागड्या पाटीखाली बसल्यासारखं वाटत होतं. तो बसून राहिला.

"किती ठेवलेस, दादा?"

"दोन बोटं. कानावर जरा कमी." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आणि त्या कारागिराला सांग, ये म्हणावं. खिडकीजवळ उभा राहू दे. मी सुरू करीन, तो पुरं करील."

"चालेल त्याला असं?"

"विचारून बघ. नाही चालणार कदाचित."

"आणि तुला?"

कचकचेनं मांडीवरच्या हाताची बोटं एकदा मिटून उघडली. बाकावरचे सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. "मला अजून नाही चालत," तो म्हणाला. "चालवून घेईन."

धाकट्यानं ब्रश ठेवला, हात पुसले आणि खुर्चीमागे आला. एकदा इकडच्या कानाकडे बघितलं, एकदा तिकडच्या झुपक्याकडे. मग कंगवा उचलला, आणि दादानं जिथं सोडलं होतं, बरोबर तिथूनच पुढचे केस धरले.